लाइफ इन द यूके परीक्षा: सनावळ्या कशा लक्षात ठेवायच्या, आणि त्या 'बहाल' शब्दाचं काय करायचं?

कुंडलची_लेक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही स्विंडनला राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, आता पाच वर्षं होतायत. आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज करायचाय, त्यासाठी ही परीक्षा. माझी तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, निदान १८ बरोबर यायला हवेत. मी एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, त्यामुळे इंग्रजीची धास्ती नाही. धास्ती आहे ती सनावळ्यांची. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, सांगली जिल्ह्यात. इतिहास म्हणजे शिवकाल, पेशवाई आणि स्वातंत्र्यलढा. ट्यूडर घराणं आधी की स्टुअर्ट आधी, हेच मला अजून अडतं. काल रात्री सराव परीक्षेत १३ आले. चुकलेले जवळपास सगळे इतिहासाचे.

दुसरी गोष्ट जरा मनातली आहे. या परीक्षेच्या पुस्तकात १९४७ बद्दल जे वाक्य आहे त्याचा सूर असा, की भारताला स्वातंत्र्य 'बहाल करण्यात आलं'. माझे पणजोबा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारात होते. कुंडल हे त्या सरकारचं मोठं ठाणं. आजीच्या तोंडून भूमिगतांना रात्री भाकरी पोचवल्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. त्या वाक्यापाशी आले की माझं वाचणं थांबतं. तुमच्यापैकी कुणाला असं झालं का? अभ्यास कसा केलात?

मिडलंडकर
घाबरू नका ताई. पुस्तक दोनदा वाचा, मग रोज एक सराव परीक्षा. मी दहा दिवसांत केलं. प्रश्न चार पर्यायांचे असतात, काही चूक-बरोबर, काहींत दोन उत्तरं निवडायची. दोन निवडायचे प्रश्न नीट वाचा, घाईत एकच टिचकी मारून पुढे गेलात तर गुण जातो.

खमंग_काकडी
हेन्री आठव्याच्या सहा बायका मी ओवीसारख्या पाठ केल्या होत्या, भाजी चिरता चिरता म्हणायचे:

पहिलीला सोडलं, दुसरीचं मुंडकं, तिसरी बाळंतपणी गेली
चौथीला सोडलं, पाचवीचं मुंडकं, सहावी मागे उरली

अरागॉनची कॅथरीन, ॲन बोलिन, जेन सीमोर, क्लीव्ह्जची ॲन, कॅथरीन हॉवर्ड, कॅथरीन पार. तीन कॅथरीन, दोन ॲन, एक जेन. आता पाच वर्षं झाली तरी कांदा चिरायला घेतला की ओठांवर येतं.

मिडलंडकर
@खमंग_काकडी, हे आमच्या भिशीच्या बायकांना पाठवतोय!

असईचा_पाहुणा
कुंडलची_लेक, तुमचं उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. शिवकाल आणि पेशवाई पक्की आहे ना? मग त्याच दोरीला इंग्लंड बांधा. मी मूळचा जालन्याचा, इतिहासाचा नाद आहे, आणि मी परीक्षा अशीच दिली.

महाराजांचा जन्म १६३० चा. ते एकोणीस वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे १६४९ च्या जानेवारीत, लंडनमध्ये पार्लमेंटच्या लोकांनी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद केला. पुढची अकरा वर्षं इंग्लंडला राजाच नव्हता, त्यात पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल येतो. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परत आला. त्याच वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता आणि राजापूरच्या वखारीचे इंग्रज तिथे तोफा डागायला आले होते. म्हणजे राजा परतला ते साल आणि पन्हाळ्याचं साल एकच.

१६६६. ऑगस्टमध्ये आग्र्याहून सुटका, सप्टेंबरमध्ये लंडनची मोठी आग. हे एकदा कळलं की आयुष्यात विसरणार नाही.

याच दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रगँझाच्या कॅथरीनशी झालं आणि हुंड्यात मुंबई मिळाली. त्याला ती सांभाळणं जड गेलं. १६६८ मध्ये त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. परीक्षेला हे येत नाही, पण चार्ल्स दुसरा कोण हे डोक्यात बसतं.

१६७९ मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा झाला. कुणालाही बेकायदा डांबून ठेवता येणार नाही, न्यायालयासमोर उभं करायलाच हवं. पुढच्याच वर्षी, १६८० ला, महाराज गेले. १६८९ मध्ये इकडे बिल ऑफ राइट्स आलं आणि राजाच्या हातातले निर्णय पार्लमेंटकडे गेले. तिकडे त्याच साली संभाजीराजांना औरंगजेबाने मारलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आणि इकडे इंग्लंड व स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटनचं राज्य झालं. १७२० मध्ये थोरल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली, १७२१ मध्ये रॉबर्ट वॉलपोल पहिला पंतप्रधान झाला.

आणि माझ्या गावाजवळची गोष्ट. वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८०३ मध्ये नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि जालन्याजवळच्या असईच्या रानात शिंदे-भोसल्यांशी लढत होता. मी लहानपणी त्या रानातून सायकलने गेलोय. इथल्या पुस्तकात त्याचं नाव आलं तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं, जरी तो आपल्या बाजूचा नव्हता.

कुंडलची_लेक
@असईचा_पाहुणा, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. १६६६ आणि १६८९ वाचून अंगावर काटा आला. मतदानाचा हक्क वाढवणाऱ्या १८३२ च्या रिफॉर्म ॲक्टला काही आहे का हो जोडीला?

असईचा_पाहुणा
आहे ना! जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. आणि क्रायमियन युद्ध १८५३ ला सुरू झालं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली.

टीसकाठचा
सगळ्यांचा उत्साह चांगला आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. ही परीक्षा कशासाठी? लंडन आय किती फूट उंच आहे हे पाठ करून कोण चांगला नागरिक होतं? २०१३ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या प्राध्यापक थॉम ब्रुक्स यांनी या परीक्षेवर सविस्तर अहवाल लिहिला. त्यांनी स्वतः ही परीक्षा देऊन नागरिकत्व घेतलेलं, म्हणजे माणूस आतला आहे. रोजच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टी जाऊन त्यांच्या जागी फुटकळ माहिती आली, ही त्यांची मुख्य तक्रार. २०२० मध्ये दीडशेहून जास्त इतिहासकारांनी होम ऑफिसला (इथल्या गृहखात्याला) जाहीर पत्र लिहून म्हटलं, की साम्राज्य आणि गुलामगिरीबद्दलचं यातलं लिखाण दिशाभूल करणारं आहे, ते बदला.

माझ्याकडच्या प्रतीत १९४७ मध्ये नऊ देशांना स्वातंत्र्य दिल्याचं लिहिलंय आणि त्यात सिलोनचं नाव आहे. श्रीलंका स्वतंत्र झाला फेब्रुवारी १९४८ मध्ये! कुंडलच्या ताई, तुमचं थांबणं अगदी योग्य आहे. मी ते पान वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.

सॅलफर्डची_सिस्टर
टीसकाठचा, तुमचं इतिहासाबद्दलचं म्हणणं मान्य. पण परीक्षा सगळीच पोकळ आहे हे मला पटत नाही.

मी नर्स आहे. माझ्या ओळखीतली एक मुलगी लग्न करून इथे आली. इंग्रजी जेमतेम, घराबाहेर एकटीने पाऊल टाकायची मुभा नाही. नवऱ्यानेच तिला या परीक्षेचं पुस्तक आणून दिलं, कारण आयएलआरसाठी पास व्हायला हवं होतं. त्या पुस्तकात एक भाग आहे: घरात होणारी मारहाण हा गंभीर गुन्हा आहे, मग करणारा कुणीही असो. जबरदस्तीचं लग्न हा गुन्हा आहे. मदतीसाठी फोन कुठे करायचा तेही दिलंय. तिने तो भाग पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवला होता. पुढे चार महिन्यांनी तिने फोन केला. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. मला अरागॉनची कॅथरीन आठवणार नाही, पण त्या पुस्तकातली ती पेन्सिलीची रेघ मी विसरणार नाही.

टीसकाठचा
@सॅलफर्डची_सिस्टर, हे वाचून गप्प बसलो. ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मग माझी मागणी अशी करतो: ही पानं वाढवा आणि लंडन आय काढा.

खमंग_काकडी
+१

नागपुरी_डॉक्टर
मी इथला जुना माणूस. १९७४ मध्ये नागपूरच्या मेडिकलमधून आलो तेव्हा अशी परीक्षा नव्हती. ती आली नागरिकत्वासाठी २००५ च्या नोव्हेंबरात आणि आयएलआरसाठी २००७ मध्ये. समारंभही नव्हता, पहिला समारंभ फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या ब्रेंटला झाला. आम्हाला टपालाने एक कागद आला, इतकंच.

पण परीक्षा नसली तरी शिकावं लागलंच. मला साउथ वेल्सच्या खोऱ्यात जीपीची जागा मिळाली, कोळसा खाणींचा भाग. गोऱ्या डॉक्टरांना तिथे जायचं नसायचं, त्यामुळे आमच्यासारखे पुष्कळ होते. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या खाणकामगाराने विचारलं, "डॉक्टर, ही एनएचएस, ही सरकारी आरोग्यसेवा, कुठून आली माहीत आहे का?" मी म्हटलं, लंडनहून. तो म्हणाला, "नाही, ट्रेडेगारहून." तिथले कामगार पगारातून थोडे थोडे पैसे एका संस्थेत भरायचे आणि त्यातून सगळ्या कुटुंबांना डॉक्टर, औषध, दवाखाना मिळायचा. अन्यूरिन बेव्हन त्याच गावचा, स्वतः तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. आरोग्यमंत्री झाल्यावर त्याने गावाची ती व्यवस्था सगळ्या देशाला लावली. ५ जुलै १९४८. तुमच्या पुस्तकात ती एक ओळ आहे. मी त्या ओळीत तीस वर्षं नोकरी केली.

१९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिला. वर्षभर घरात पगार नाही. बायका गावच्या सभागृहात मोठ्या पातेल्यांत सूप शिजवायच्या. आमच्या हिने तिथे जाऊन डाळ-तांदळाची खिचडी केली. पहिल्या दिवशी लोक बिचकले, तिसऱ्या दिवशी पातेलं आधी कुठलं संपलं हे सांगायला नको. संप मोडला, खाणी बंद झाल्या, तरुण पोरं गाव सोडून गेली. नागरिकत्वाचा कागद माझ्याकडे आधीपासून होता. पण हे गाव आपलं आहे असं मला त्या वर्षी वाटलं.

लेकी, 'बहाल' या शब्दाबद्दल. परीक्षेत पुस्तकात आहे तेच उत्तर दे, तो कागदोपत्री व्यवहार आहे. मुलाला मात्र पणजोबांची गोष्ट सांग, तारीखवार सांग, आणि आजीकडून ऐकलेलं लिहून ठेव. पुस्तकातली वाक्यं बदलतात ती अशी लिहून ठेवणाऱ्यांमुळेच.

सॅलफर्डची_सिस्टर
डॉक्टरकाका, तुम्ही स्वतंत्र धागा काढा. संपाच्या वर्षाबद्दल अजून वाचायचंय.

एडिनबरोची_मैना
स्कॉटलंडच्या लोकांसाठी थोडं. ज्युरीत इंग्लंड-वेल्सला १२ जण, आमच्याकडे १५. संत अँड्रूचा ३० नोव्हेंबर आमच्याकडे अधिकृत सुटी आहे, उत्तर आयर्लंडला संत पॅट्रिकचा १७ मार्च. संत डेव्हिड (१ मार्च, वेल्स) आणि संत जॉर्ज (२३ एप्रिल, इंग्लंड) यांना सुटी नाही. हा प्रश्न हमखास चुकतो. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चारही संत लिहून ठेवले होते, चतुर्थी-एकादशीच्या शेजारी.

नावात_काय_आहे
अभ्यास कितीही करा, पण नाव तपासा! माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे. परीक्षेची नोंदणी करताना मी फक्त नाव आणि आडनाव टाकलं. केंद्रावर दारातच परत पाठवलं. ५० पौंड गेले, दिवसभराची रजा गेली, गाडीभाडं वेगळं. मी विनवलं, सगळी कागदपत्रं दाखवली, काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर जास्तच अडचण. ओळखपत्रावर जे आहे, जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच टाका.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, कितीही वेळा, पण दर वेळी फी. एकदा पास झालात की पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला हीच चालते, पुन्हा द्यावी लागत नाही. त्यामुळे निकालाचा नंबर जपून ठेवा.

चिपळूणचा_बाब्या
थोडं विषयांतर. मी आयएलआरनंतर वर्षभर थांबलो, आता नागरिकत्वाचा अर्ज करावा की नाही यावरून घरात दोन तट आहेत. बायको म्हणते करूया. माझा पाय निघत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. इकडचं घेतलं की तिकडचं आपोआप जातं. मग पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढायचं. ओसीआयवर मतदान नाही. आणि गावची कलमांची बाग? सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आहे, पुढे माझं लागेल का?

नागपुरी_डॉक्टर
@चिपळूणचा_बाब्या, ओसीआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळू शकते. सातबाऱ्याची कागदपत्रं मात्र वडील आहेत तोवरच तलाठ्याकडे जाऊन नीट करून घे.

चिपळूणचा_बाब्या
धन्यवाद काका. हाच काटा होता. आणि इथे मत देण्यासाठी तरी नागरिक व्हावं, असं बायकोचं म्हणणं आहे. पाच वर्षं काउन्सिल टॅक्स भरतोय, बोलायला तोंड नाही.

ब्राइटनची_बाय
अहो बाब्या, थांबा! मत द्यायला नागरिक व्हायची गरजच नाही. भारत राष्ट्रकुलात आहे. इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मतदार यादीत नाव नोंदवता येतं, स्थानिक निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. भारतीय पासपोर्टवर! हे मला स्वतःला चार वर्षांनी कळलं. तीन निवडणुका हातच्या गेल्या, अजून रुखरुख आहे.

चिपळूणचा_बाब्या
खरंच?? आठ वर्षं झाली मला इथे येऊन!

असईचा_पाहुणा
ब्राइटनची_बाय म्हणताहेत ते अगदी बरोबर आहे, आणि याला मोठी परंपरा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून मूठभर मतांच्या फरकाने पार्लमेंटवर निवडून गेले. त्याआधी पंतप्रधान सॉल्सबरीने जाहीर भाषणात त्यांना काळा माणूस म्हणून हिणवलं होतं. मतदारांनी त्याला मतपेटीतून उत्तर दिलं.

ब्राइटनची_बाय
आणि पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता माणूस, शेख दीन मोहम्मद. जन्म पाटण्याचा, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी कॉफी हाउस काढलं. पुढे आमच्या ब्राइटनला आला आणि चंपीचं स्नानगृह काढलं. शॅम्पू हा शब्द आपल्या चंपीतूनच आलाय.

ब्राइटनच्या बाहेर टेकडीवर एक छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांना ब्राइटनच्या राजवाड्यात ठेवलं होतं, त्यांतल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर तिथे अंत्यसंस्कार झाले. माझे सासरे आले होते, मराठा रेजिमेंटचे निवृत्त सुभेदार. त्यांनी टोपी काढून छत्रीला प्रदक्षिणा घातली आणि माणगावच्या यशवंत घाडगेंची गोष्ट मुलांना सांगितली. १९४४ मध्ये इटलीत, हुतात्मा झाल्यावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. पुस्तकात हिंदी सैनिकांबद्दल दोन-तीन ओळीच आहेत. त्या ओळींत आपली माणसं आहेत हे मुलांना दाखवणं आपलं काम.

मिडलंडकर
धागा कुठून कुठे गेला! कुंडलच्या ताई, परीक्षेचं काय झालं?

कुंडलची_लेक
आज दिली. पास झाले!

केंद्रावर मोबाइल, पर्स, घड्याळ सगळं लॉकरमध्ये. बाह्या वर करायला लावल्या, चष्मा काढून पाहिला. नाव पासपोर्टवर आहे तसंच, पतीच्या नावासकट टाकलं होतं, @नावात_काय_आहे यांचे आभार. प्रश्न इथे लिहीत नाही, पण एका सनाच्या प्रश्नाला मी मनात आग्र्याला जाऊन आले. बावीस मिनिटांत संपली.

घरी आल्यावर आईला फोन लावला आणि आजीला बोलायला सांगितलं. आजी आता नव्वदच्या पुढे आहे. प्रति सरकारच्या गोष्टी पुन्हा विचारल्या आणि या वेळी फोनवर ध्वनिमुद्रण केलं. तिने दोन गावांची नावं सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. मुलगा शेजारी बसून लिहून घेत होता, त्याच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत. पुस्तकातलं ते वाक्य होतं तिथेच आहे. त्याच्यापुढे आमच्या घरात आता सात पानं झालीत.

आणि ब्राइटनच्या ताई, आम्ही दोघांनी काल मतदार यादीत नाव नोंदवलं. संकेतस्थळावर पाच-सात मिनिटांचं काम होतं. मतदानाच्या दिवशी काय न्यावं लागतं?

चिपळूणचा_बाब्या
अभिनंदन! आमचीही नोंदणी झाली. नागरिकत्वाचं अजून ठरत नाही, पण घरातली एक कटकट मिटली.

ब्राइटनची_बाय
अभिनंदन गं! फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. भारतीय पासपोर्ट चालतो.

नागपुरी_डॉक्टर
शाबास लेकी. बोटाला शाई लावत नाहीत आणि यंत्रही नसतं. कागद देतात, दोरीने बांधलेली पेन्सिल असते, फुलीची खूण करायची आणि घडी घालून पेटीत टाकायचं. सकाळी सात ते रात्री दहापर्यंत केव्हाही जा. मुलाला बरोबर ने, आत येऊ देतात.